अहमदाबादचे वकील, लोकसभेचे दादासाहेब

गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळणकर हे नाव मराठी वाचकाला आज आठवलेच, तर स्पर्धा परीक्षेतल्या एका ओळीच्या उत्तरासारखे आठवते: लोकसभेचे पहिले अध्यक्ष. दिल्लीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. महाराष्ट्राने त्यांना गुजरातचे समजून सोडून दिले, आणि गुजरातेत त्यांच्या पिढीवर गांधीजी आणि वल्लभभाई यांची सावली एवढी मोठी की बाकीचे त्या सावलीतच राहिले. मला हे अन्यायाचे वाटते. सभागृह कसे चालवायचे, सरकारला प्रश्न कसा विचारायचा आणि मंत्र्याने दिलेल्या शब्दाचा हिशेब कोणी ठेवायचा, याची घडी या माणसाने घालून दिली. मुंबई इलाख्याच्या एका जिल्ह्याच्या न्यायालयात वकिली करता करता त्यांची कायद्याची समज पक्व झाली होती.

मावळणकरांचे घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचे. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ चा, बडोद्याचा. सुरुवातीचे शिक्षण राजापूर आणि इलाख्यातल्या इतर गावी झाले, आणि १९०२ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी ते अहमदाबादेत आले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये पदवी, मुंबईत १९१२ मध्ये कायद्याची परीक्षा, आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली. बडोदा, अहमदाबाद, सुरत या गावांतून मराठी घरे कित्येक पिढ्या नांदत होती. घरात मराठी आणि व्यवहारात गुजराती हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असे. मावळणकरांनीही आठवणी लिहिल्या त्या गुजरातीत, आणि त्यात त्यांना काही परके वाटले नाही.

त्याच १९१३ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले वल्लभभाई पटेल अहमदाबादेत वकिली करू लागले. उत्तम शिवलेला सूट, किंचित तिरपी टोपी आणि समोरच्याला भेदून जाणारी नजर, असे त्यांचे त्या वेळचे वर्णन मावळणकरांनीच करून ठेवले आहे. भद्र भागातल्या गुजरात क्लबात वकील मंडळींचा अड्डा जमे, पत्त्यांचा डाव रंगे. १९१६ च्या सुमारास एके दिवशी गांधीजी तिथे बोलायला आले. वल्लभभाई ब्रिज खेळत होते आणि शेजारी बसून डाव पाहणारे मावळणकर उठले. कुठे निघालात, असे वल्लभभाईंनी विचारले, आणि गव्हातले खडे निवडता येतात का एवढेच तो माणूस विचारील, त्याने म्हणे स्वराज्य मिळणार, अशी टर उडवली. मावळणकर तरीही गेले. थोड्याच काळात वल्लभभाईही गेले, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. क्लबातून आधी उठलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

ते गुजरात सभेच्या कामात पडले. अर्जविनंत्या करणारी ही जुन्या वळणाची संस्था होती. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातले पीक बुडाले तेव्हा तिची खरी परीक्षा झाली. महसुलाच्या नियमानुसार पीक चार आण्यांच्या, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या चौथाईच्या, खाली गेले तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करायची होती. सरकारी अधिकारी आणेवारी जास्त लावत होते, शेतकरी ती कमी असल्याचे सांगत होते. खेड्याचा सत्याग्रह आपण भावनेच्या भाषेत आठवतो, पण त्याचा पाया म्हणजे सरकारच्याच नियमावर ठेवलेले बोट. तुम्हीच लिहिलेला नियम तुम्हीच पाळा, एवढेच मागणे होते. गुजरात सभेच्या वकिलांनी गावोगावची पिके पाहून, जाबजबाब घेऊन ते मांडले, आणि त्या धावपळीत मावळणकर पुढे होते.

मावळणकरांचा स्वभाव या प्रकरणात उलगडतो, असे मला वाटते. सत्तेला तिच्याच नियमाने बांधायचे. दुबळ्या पक्षकाराजवळ पैसा नसतो, ओळख नसते; त्याच्याजवळ कामकाजाची रीत तेवढी असते, आणि ती मोडली तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. इलाख्यातल्या कोर्टात चार वर्षे काढलेल्या कोणत्याही चांगल्या वकिलाला हे ठाऊक असते. मावळणकरांनी ते आयुष्यभर धरून ठेवले.

मधली वीस वर्षे भराभर सांगतो. १९१९ ते १९३७ ते अहमदाबाद नगरपालिकेत होते आणि दोनदा तिचे अध्यक्ष झाले, पहिल्यांदा १९३० ते ३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये. असहकाराच्या दिवसांत त्यांनी गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीसपण केले, मध्यंतरी काही काळ ते स्वराज्य पक्षाकडे गेले आणि १९३० मध्ये सत्याग्रहात परतले. १९२७ च्या महापुरात मदतकार्य केले. त्याच साली वल्लभभाई आणि इतरांबरोबर गुजरात लॉ सोसायटी काढली. तिच्या कायदा महाविद्यालयाने अहमदाबादच्या मुलांची मुंबईची वारी वाचवली. सर्व मिळून सुमारे सहा वर्षे ते तुरुंगात होते. तिथे भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांच्या खऱ्या कहाण्या त्यांनी पुढे ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकात लिहिल्या. राजकीय कैद्याने तुरुंगाच्या आठवणी लिहिणे नवे नव्हते. खुनाच्या आणि दरोड्याच्या शिक्षा भोगणाऱ्यांपाशी बसून त्यांचे ऐकून घेणारे मात्र थोडे होते. जोरात चाललेली वकिली त्यांनी १९३७ मध्ये सोडली, कारण त्या वर्षी त्यांच्याकडे दुसरे काम आले.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली, निवडणुका झाल्या, मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १७५ सदस्यांच्या नव्या विधानसभेचे अध्यक्षपद मावळणकरांकडे गेले. त्या सभागृहात खेर स्वतः सॉलिसिटर, गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी नामांकित वकील. विरोधी बाकावर जमनादास मेहता, आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अशा मंडळींपुढे नियमाचा अर्थ सांगणे सोपे नसते.

सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातल्या कुळांच्या मानेवर बसलेली ती पद्धत होती, आणि मावळणकरांचे मूळ गाव त्याच कोकणातले. ते विधेयक पुढे गेले नाही. सरकारी बाजूला बहुमत होते, आणि बहुमताच्या मनात नसलेले विधेयक अध्यक्षाला पुढे रेटता येत नाही. १९३८ च्या औद्योगिक कलहाच्या विधेयकावरही आंबेडकर आणि जमनादास मेहता सरकारवर तुटून पडले. संपाच्या हक्कावर घाला म्हणून बाहेर गिरणी कामगारांनी संप केला. काँग्रेसचा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीवर आणि समोर काँग्रेसचेच मंत्री. पक्षनिष्ठा आणि निःपक्षपात यांचा जो पेच मावळणकरांना शेवटपर्यंत सुटला नाही, तो इथे सुरू झाला.

हा पेच नवा नव्हता. वल्लभभाईंचे वडील बंधू विठ्ठलभाई हेही गोध्रा आणि बोरसद इथे वकिली करून वर आलेले. १९२५ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले अध्यक्ष झाले, ५८ विरुद्ध ५६ मतांनी. अध्यक्ष होताच त्यांनी स्वराज्य पक्षाचा राजीनामा दिला आणि ते स्वतःला कोणत्याही पक्षाचे मानेनात. १९२९ मध्ये सरकारशी झगडून त्यांनी सभागृहाचा स्वतंत्र सचिवालय विभाग मिळवला. नोकरशाहीच्या घरात भाडेकरू म्हणून राहिलेल्या विधिमंडळाला त्यामुळे स्वतःचे छप्पर मिळाले. मावळणकरांनी विठ्ठलभाईंचे हे दुसरे काम पुढे नेले. पहिल्या बाबतीत त्यांनी त्यांचा कित्ता गिरवला नाही. खुर्चीवर बसल्यावर पक्षाच्या राजकारणात पडू नये, हे त्यांना मान्य होते. पक्षच सोडावा, हे मान्य नव्हते. इंग्लंडात अध्यक्षाच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा उमेदवार उभा करत नाहीत, म्हणून तिथला अध्यक्ष पक्षाबाहेर राहू शकतो. इथे तो संकेत रुजलेला नसताना पक्ष सोडणारा अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत वाऱ्यावर पडेल, असा त्यांचा विचार होता. त्यात व्यवहार होता. पण ज्यांच्याकडे संकेत घालून देण्याची ताकद होती त्यांनी तो घातला नाही, आणि पुढच्या कित्येक अध्यक्षांना पक्षाच्या कुशीत राहायला सबब मिळाली, हेही तितकेच खरे.

युद्ध सुरू झाले, १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि सभागृहाला कुलूप लागले. नावाने अध्यक्ष असलेले मावळणकर त्या वर्षांत पुन्हा तुरुंगात जाऊन आले.

नंतर आली २४ जानेवारी १९४६. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अध्यक्षाची निवड होती. काँग्रेसला तिथे निर्भेळ बहुमत नव्हते. मुस्लिम लीग, युरोपीय सभासद आणि सरकारी नेमणुकीचे लोक एकत्र आले तर हार ठरलेली. त्यांनी मुंबईचे सर कावसजी जहांगीर यांना उभे केले. मावळणकर निवडून आले, ६६ विरुद्ध ६३ मतांनी. इंग्रजी सत्तेच्या शेवटच्या दीड वर्षात सरकारच्या छातीवर बसलेल्या या खुर्चीवर अहमदाबादचा एक तुरुंग भोगलेला वकील होता, आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते कायदेमंडळ विसर्जित होईपर्यंत तो तिथे राहिला.

स्वातंत्र्यानंतर एक कायदेशीर गुंता निर्माण झाला. घटना समितीच आता देशाचे कायदेमंडळही होती. राजेंद्रबाबू घटना समितीचे अध्यक्ष, पण ते मंत्रीही होते; कायदे करताना अध्यक्षपदी कोण बसणार आणि दोन कामे वेगळी कशी ठेवणार? त्याचा विचार करायला नेमलेल्या समितीचे प्रमुख मावळणकरच होते. घटना घडवण्याचे काम आणि कायदे करण्याचे काम वेगळे चालावे, आणि दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र अध्यक्ष असावा, असे ठरले. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या जागी मावळणकरांची निवड झाली. पुढे १९५० मध्ये अस्थायी संसद आली, तिचेही ते अध्यक्ष.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने अध्यक्ष निवडला. मावळणकरांच्या विरोधात उभे होते शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, सोलापूरहून निवडून आलेले शंकरराव मोरे. म्हणजे स्वतंत्र भारताच्या लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी माणसांची लढत झाली, आणि ते आपल्या शाळेच्या पुस्तकांत कुठे येत नाही. मावळणकरांना ३९४ मते पडली, विरोधात ५५. त्या ३९४ मध्ये एक मत खुद्द मोऱ्यांचे होते. प्रतिस्पर्ध्याने प्रतिस्पर्ध्याला मत द्यावे या संसदीय रीतीप्रमाणे त्यांनी ते दिले.

१९५० पासूनच्या वर्षांत मावळणकरांनी जे केले ते कंटाळवाणे दिसेल असे काम होते, आणि म्हणूनच ते विस्ताराने सांगायला हवे. बहुमत प्रचंड, पंतप्रधान लोकप्रिय, विरोधी पक्ष विखुरलेले. अशा सभागृहात सरकारला कोण जाब विचारणार? मावळणकरांनी जाब विचारण्याचे काम समित्यांच्या रूपाने कायमचे बसवले. त्यांच्या अमदानीत १९५० मध्ये अंदाज समिती आली. सरकारी खर्चाचे आकडे पुरवणी मागण्यांच्या गर्दीत निसटत होते, ते आता खासदारांच्या टेबलावर येऊ लागले. डिसेंबर १९५३ मध्ये आश्वासन समिती आली. मंत्र्याने सभागृहात “पाहतो”, “करतो” म्हणायचे आणि विसरून जायचे, हा रिवाज मोडायला ती हवी होती. दिलेले प्रत्येक आश्वासन नोंदले जाऊ लागले आणि त्याचे काय झाले ते विचारले जाऊ लागले. कायद्याच्या आडून खाती जे नियम काढतात त्यांची तपासणी करणारी दुय्यम विधिविधान समितीही त्याच सुमाराची. तिचे पहिले प्रमुख नेमले निर्मलचंद्र चटर्जी, हिंदू महासभेचे आणि विरोधी बाकावरचे. काँग्रेसच्या लाटेच्या काळात काँग्रेसी अध्यक्षाने ही निवड केली, याला मी मोठे महत्त्व देतो.

सदस्यांच्या चारित्र्याचा प्रश्नही त्यांच्यासमोर आला. मुंबईचे खासदार मुदगल यांनी सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम पुढे रेटल्याचा आरोप झाला. १९५१ मध्ये चौकशी समिती बसली, आरोप सिद्ध झाला, सभागृहाने हकालपट्टीचा ठराव करण्याआधी त्यांनी राजीनामा दिला, आणि सभागृहाने त्या राजीनाम्याच्या भाषेचाही निषेध केला. माणसाला आपली बाजू मांडू दिली गेली आणि मग निकाल झाला.

सगळेच निर्णय मला पटतात असे नाही. विरोधी पक्ष म्हणून मान्यता हवी तर संख्या गणपूर्तीएवढी, म्हणजे सभागृहाच्या दहाव्या हिश्शाइतकी तरी हवी, असे मावळणकरांनी ठरवले. त्या लोकसभेत साम्यवादी हा सर्वांत मोठा विरोधी गट, आणि त्याच्याकडे तेवढी संख्या नव्हती. परिणामी १९६९ पर्यंत लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता. २०१४ मध्ये काँग्रेस ४४ जागांवर आली, तेव्हा हाच दहावा हिस्सा तिच्याच आड आला. गणपूर्ती हा सभागृह चालवण्याचा हिशेब आहे. देशात दुसरा आवाज आहे की नाही हे त्यावरून ठरवणे मला अयोग्य वाटते.

त्यांच्या निर्णयांवर विरोधकही नाराज होतेच. १८ डिसेंबर १९५४ रोजी अध्यक्षांना पदावरून दूर करावे असा ठराव लोकसभेत आला. मांडणारे होते बिहारचे समाजवादी सदस्य विघ्नेश्वर मिसिर. अध्यक्षांनी निःपक्षपात सोडला, असा आक्षेप होता. मावळणकर खुर्चीवरून उतरले आणि उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी कामकाज चालवले. नेहरू बोलायला उभे राहिले ते रागावूनच. पण आपल्या पक्षाच्या सदस्यांना त्यांनी सांगितले की हा पक्षाचा प्रश्न नाही, कोणताही पक्षादेश बंधनकारक नाही, ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे मत द्यावे. चर्चा झाली, ठराव फेटाळला गेला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्ध आलेला हा पहिला ठराव.

त्याच वर्षी, १४ मे १९५४ रोजी, ‘हाउस ऑफ द पीपल’ यापुढे लोकसभा या नावाने ओळखले जाईल, अशी घोषणा मावळणकरांनी केली होती.

१९५६ चा जानेवारी महिना मुंबईसाठी रक्ताचा ठरला. मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे नेहरूंनी १६ तारखेला जाहीर केले आणि शहर पेटले. मराठी आणि गुजराती शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. मावळंग्याच्या घराण्याचा आणि अहमदाबादच्या बारचा हा माणूस त्याच महिन्यात हृदयविकाराने अंथरुणाला खिळला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. मुलगा पुरुषोत्तम राज्यशास्त्राचा प्राध्यापक. १९७२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत गेला आणि आणीबाणीत सरकारविरुद्ध सभागृहात बोलत राहिलेल्या थोड्यांपैकी एक ठरला.

एक लढाई मात्र मावळणकर हरले, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी होती. अधिवेशन नसताना सरकार वटहुकूम काढते, आणि अधिवेशन बोलावणे सोयीचे नसले की तो काढायचा मोह होतो. १९५० मध्येच त्यांनी सरकारला पत्र लिहून बजावले की ही वाट चांगली नाही, तिने संसदेला डावलण्याची सवय लागेल. नेहरूंनी त्या डिसेंबरमध्ये उत्तर दिले: वटहुकूम शक्यतो टाळावेत हे मान्य, पण संसदेचे कामकाज इतके लांबते की नाइलाज होतो. १९५४ च्या जुलैत मावळणकरांनी पुन्हा लिहिले. अत्यंत तातडीशिवाय वटहुकूम लोकशाहीला धरून नाही, आणि पहिल्या लोकसभेच्या काळात पडणारे पायंडे पुढे कायम राहतील, ही त्यांची काळजी होती. ज्या नेत्याबद्दल त्यांना आदर होता, ज्या पक्षाचे ते स्वतः सदस्य होते, त्यांनाच ते हे लिहीत होते. पत्रव्यवहार झाला, वटहुकूम थांबले नाहीत.

पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डी. सी. वाधवा यांनी बिहारची दप्तरे धुंडाळली. १९६७ ते १९८१ या काळात त्या राज्याने २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर १४ वर्षांपर्यंत, विधानसभेपुढे कायदा म्हणून न नेता. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ रोजी न्यायालयाने हा प्रकार राज्यघटनेशी केलेली फसवणूक ठरवला आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी द्यायला लावले. मावळणकरांच्या पहिल्या पत्राला तेव्हा ३६ वर्षे झाली होती.